चॅनेल सोळा ऐकायचं तर आधी खरखर ऐकायला शिका

दिवाळीच्या सुट्टीत हर्णैला आलेला कुणी ना कुणी भाचा मला दरवर्षी तोच प्रश्न विचारतो. "मामा, तुमच्या त्या वायरलेसवर पोलिसांचं बोलणं लागतं का?" नाही लागत, आणि लागलं तरी मी लावणार नाही. परदेशात दुकानातून स्कॅनर आणून पोलिसांचं, अग्निशमनाचं बोलणं ऐकत बसतात, त्याचे व्हिडिओ पाहून पोरांना चेव येतो. आपल्याकडे परवान्याशिवाय वायरलेस संच बाळगणं १९३३ च्या कायद्यापासून गुन्हा धरला गेला, आणि २०२३ च्या नव्या दूरसंचार कायद्यातही चोरून ऐकण्याला माफी नाही. ऑनलाइन स्वस्तात विकल्या जाणाऱ्या विनापरवाना वॉकीटॉकींवरून २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्री कंपन्यांना नोटिसा धाडल्या. शिवाय हा किनारा साधा नाही. १९९३ च्या बॉम्बस्फोटांआधी शेखाडीला काय उतरलं आणि २००८ ला मुंबईत माणसं कुठल्या वाटेनं शिरली, हे इथल्या पोलिसांच्या पक्कं डोक्यात आहे. खाडीच्या तोंडाशी अनोळखी माणसाच्या हातात काळा संच दिसला तर ते हसून सोडत नाहीत, आणि सोडूही नये.

पण जीव वाचवणारं जे बोलणं या किनाऱ्यावर चोवीस तास चालतं, ते चोरून ऐकावंच लागत नाही. ते सगळ्यांनी ऐकावं म्हणूनच आहे. मरीन व्हीएचएफचा, म्हणजे समुद्रावरच्या वायरलेस पट्ट्याचा, चॅनेल १६, म्हणजे १५६.८०० मेगाहर्ट्झ. तटरक्षक दल, व्यापारी जहाजं, बंदराचे कंट्रोल, आपल्या मासेमारी बोटी, सगळे याच एका ओट्यावर येतात. तुमची बोट असेल, कर्दे-मुरुडला डॉल्फिन दाखवायची होडी असेल, आणि होडीच्या नावावर दूरसंचार विभागाचा परवाना असेल, तर हातातला सेट घेऊन तो नीट ऐकायचा कसा, एवढंच मी इथे सांगतो. बोलायचं कसं हे सांगणारे पुष्कळ आहेत. ऐकायचं कसं हे धड कुणी सांगत नाही, आणि जे सांगतात त्यातले निम्मे चुकीचं सांगतात.

सेट घेणं

मरीन बँडचाच घ्या, १५६ ते १६२ मेगाहर्ट्झचा. आयपीएक्स-७ असा शिक्का असावा. त्याचा अर्थ १ मीटर पाण्यात ३० मिनिटं टिकतो एवढाच, लाटेच्या तडाख्याचं कुणी लिहून देत नाही. पाण्यावर तरंगणारा मिळाला तर उत्तम, नाहीतर दोरी बांधा. पाच वॉटचा पुरे.

चॅनेलांचा तक्ता

मेनूत अमेरिका, कॅनडा, इंटरनॅशनल असे तीन तक्ते असतात. इंटरनॅशनल ठेवा. १६ तिन्हीकडे तोच असल्यानं चूक लगेच कळत नाही. दुसऱ्या एखाद्या चॅनेलवर गेलात की समोरच्याचं ऐकू येत नाही आणि माणूस सेटला शिव्या घालतो. चॅनेल ७० वर बोलायचं नाही, तो डिजिटल हाकेचा आहे. झालं.

आता खरं काम: स्क्वेल्च

इथे मी स्वतः तोंडावर आपटलोय, म्हणून इथे थांबणार.

सेट चालू केला आणि कुणी बोलत नसलं की त्यातून खरखर येते. तव्यावर मोहरी तडतडावी तशी, न थांबणारी. तीन-चार तास ती ऐकली की डोकं उठतं. म्हणून सेटला स्क्वेल्चचं बटण असतं. जिथं सिग्नल नाही तिथं तोंड बंद, सिग्नल आला की तोंड उघड. कल्पना सोपी आहे आणि घातही तिच्यातच आहे. कारण सेटला सिग्नल म्हणजे काय हे तुम्ही सांगायचं असतं. स्क्वेल्च जितका आवळाल तितका जोराचा सिग्नल असल्याशिवाय सेट तोंड उघडत नाही. शेजारच्या बोटीवरचा गप्पिष्ट तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, तुम्हाला खणखणीत ऐकू येतो, तुम्ही खूश. लांबून, बुडत्या बॅटरीवर, पाण्याच्या पातळीवरून कुणी हाक मारत असेल तर सेट गप्प. आणि गप्प सेटकडे पाहून माणसाला वाटतं, सगळं आलबेल आहे.

पुष्कळ वर्षं झाली या गोष्टीला. ऑगस्टमध्ये पावसाळी मासेमारीबंदी उठून आठवडा झाला होता. आम्ही केळशीच्या बाहेर बारा वाव खोल पाण्यात नांगर टाकून पडलो होतो. दिवसभर ओढून अंग मोडलेलं, खलाशी आडवे झालेले. मी सेट चालू ठेवला, पण खरखर नको म्हणून स्क्वेल्च चांगला आवळला. रात्रभर केबिनमध्ये शांतता. सकाळी हर्णैच्या किनाऱ्यावर लिलाव चालू असताना पाजपंढरीच्या एका बोटीचा तांडेल माझ्याजवळ येऊन उभा राहिला. त्याच्या बोटीचा पंखा फिरवणारा शाफ्ट तुटला होता. रात्री अकरापासून दोनपर्यंत तो हातातल्या सेटवरून हाका मारत होता. पुढे बॅटरी मेली. बोट वाहत वाहत दूर गेली, पहाटे दुसऱ्या कुणीतरी दोर टाकून ओढून आणली. माणसं सगळी धड होती. तो मला एवढंच म्हणाला, "नाना, तुमचा दिवा दिसत होता आम्हाला."

दिवा दिसत होता, म्हणजे चार-पाच मैलांपेक्षा जास्त अंतर नव्हतं. मी म्हटलं, "सेट चालू होता रे." तो काही बोलला नाही, टोपली उचलून गेला.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. स्क्वेल्च पूर्ण उघडायचा, खरखर मोकळी सोडायची. मग एकेक घर आवळत जायचं आणि ज्या घरावर खरखर जेमतेम थांबते तिथे थांबायचं. त्याच्या पुढे एक घरही नाही. अधूनमधून एखादा 'खर्र' उडाला पाहिजे. तो उडतोय म्हणजे तुम्ही काठावर आहात, आणि काठावरच असायला हवं. पूर्ण शांत सेट हा माझ्या मते बिघडलेला सेट. कंपनीनं लावून दिलेला आकडा तसाच ठेवू नका, तो दुकानातल्या टेबलासाठी असतो. गोल बटण असलेल्या जुन्या सेटवर हा काठ बोटाला कळतो, नव्या आकडेवाल्या सेटवर दोन आकड्यांच्या मधलं काही मिळत नाही. तिथे नेहमी खालचा आकडा घ्या आणि थोडी खरखर सहन करा.

आणखी एक. एकदा लावला आणि विसरलात असं चालत नाही. इंजिन चालू केल्यावर, अंधार पडून दिवे लागल्यावर, बंदराबाहेर पडल्यावर, प्रत्येक वेळी काठ सरकतो. मी सुवर्णदुर्ग मागे टाकला की एकदा आणि जाळं टाकलं की एकदा, असा दोनदा तपासतो. रात्री पहारा बदलताना तिसऱ्यांदा.

बहुतेक सेटवर 'मॉनिटर' नावाचं बटण असतं, किंवा एखादं बटण दाबून धरलं की स्क्वेल्च तेवढ्यापुरता उघडतो. तुटक तुटक काही ऐकू आलं, शब्दाचं शेपूट आलं आणि तोंड मिटलं, की आधी हे बटण दाबा आणि सेट डोक्याच्या वर धरून स्वतःभोवती हळू एक गिरकी घ्या. तुमचं अंगच सिग्नल अडवतं. पाठीमागची हाक पोटासमोर धरलेल्या सेटला मिळत नाही. मी पैज लावून सांगतो, दहातल्या निम्म्या वेळा 'कोणीतरी काहीतरी बोललं' याचं या गिरकीत वाक्य होतं.

घरातला चोर

खरखर त्रास देते म्हणून माणूस स्क्वेल्च आवळतो. पण पुष्कळ बोटींवर ती खरखर समुद्राची नसतेच. ती बोटीवरच तयार होते. माझ्याकडे चोर निघाला रांधपाच्या जागी लावलेला एलईडी पट्टीचा दिवा, शंभर-दीडशे रुपयांचा. तो लागला की सेट आपोआप तोंड उघडायचा आणि 'झूंऽऽ' असा आवाज यायचा. मग आम्ही काय करायचो? दिवा घालवायचा सोडून स्क्वेल्च दोन घरं आवळायचो. म्हणजे जेवण शिजेपर्यंत आणि पुढे रात्रभर आमचे कान बंद.

चोर पकडायला वेळ लागत नाही. बंदरात, इंजिन बंद, सगळे स्विच बंद. स्क्वेल्च काठावर लावा. मग एकेक चालू करा: दिवे, मोबाईलचा बारा व्होल्टचा चार्जर, इन्व्हर्टर, फिश फाइंडर, जीपीएस, शेवटी इंजिन. ज्याला चालू केल्याबरोबर सेटनं तोंड उघडलं, तो चोर. नुसती खरखर मोठी झाली का हे ऐकून ओळखायला जाऊ नका. व्हीएचएफवर सिग्नल नसताना खरखर एरवीही तेवढीच मोठी असते, कान फसतो. दुसरी कसोटी त्याहून पक्की. लांबच्या एखाद्या जहाजाचं कमजोर बोलणं चालू असताना दिवा लावा आणि घालवा. दिवा लागल्यावर शब्द बुडाले तर न्यायनिवाडा झाला.

चोर सापडला की तो बदला, किंवा सेटपासून नि अँटेनाच्या वायरपासून हातभर लांब न्या. वायरवर फेराइटचा मणी बसवला तर पुष्कळदा भागतं. तो चाप दाबून बसतो, वायर कापावी लागत नाही. माझ्या चार्जरवर दोन बसवावे लागले. इन्व्हर्टरवर मात्र काही चाललं नाही, तो मी काढूनच टाकला.

उंची

व्हीएचएफ सरळ रेषेत जाते, डोंगरातून जात नाही, क्षितिजाच्या पलीकडे फारशी वाकत नाही. हिशेब पाठ करून ठेवण्यासारखा आहे. उंचीचं वर्गमूळ घ्या, मीटरमध्ये, आणि ४.१२ नं गुणा, म्हणजे किलोमीटर मिळतात. दोन्ही बाजूंचे काढून बेरीज करा. तुम्ही होडीत बसून सेट दोन मीटरवर धरलाय आणि समोरचाही तसाच दुसऱ्या होडीत आहे, तर जेमतेम पावणेबारा किलोमीटर, म्हणजे सहा सागरी मैलांच्या थोडं पुढे. किनाऱ्यावरच्या ५० मीटर उंच अँटेनाशी तोच सेट पस्तीस किलोमीटरपर्यंत जातो, म्हणजे साधारण १९ मैल. कागदावर. प्रत्यक्षात काही कमीच धरा.

म्हणून हातातला सेट घेऊन खाली बसू नका. केबिनच्या छतावर चढवा, किंवा डोलकाठीवर अँटेना बसवून तिची वायर सेटला जोडा. अँटेनाची काठी उभी हवी. या बँडवर सगळे उभ्या अँटेनावर बोलतात, त्यामुळे सेट गादीवर आडवा टाकलात की कान अर्धे गेले. हे मी खलाशांना इतक्यांदा सांगितलंय की आमचा नेपाळी पोऱ्या आता सेट आडवा दिसला की माझ्या आधी ओरडतो.

खाडीत शिरलात की विसरा. आंजर्ल्याच्या खाडीत जोग नदीच्या आतल्या वळणावर दोन्ही बाजूंनी डोंगर येतो, तिथे सोळावर काही ऐकू आलं नाही म्हणजे काही घडत नाहीये असं समजू नका. दाभोळच्या आत, जयगडच्या आत, तेच.

याच्या उलटही होतं. थंडीच्या नि उन्हाळ्याच्या काही संध्याकाळी समुद्रावरच्या हवेचे थर असे बसतात की व्हीएचएफ त्यांच्यात अडकून शेकडो किलोमीटर धावते. मग अरबस्तानाच्या बाजूची बंदरं अंगणात आल्यासारखी ऐकू येतात. अशा रात्री खणखणीत आवाज म्हणजे जवळची बोट असा अर्थ काढू नका. जागा विचारल्याशिवाय नांगर उचलायचा नाही.

स्कॅन नको, दोन कान हवेत

नवा सेट हातात आला की माणूस पहिलं काय करतो? स्कॅन लावतो. सगळे चॅनेल भराभर फिरतात, आपण सगळं ऐकतोय असं वाटतं. चुकीचं आहे. स्कॅन ज्या चॅनेलवर कुणी बोलतंय तिथे थांबतो. एका चॅनेलवर कोण किती बांगडा काढला याची चर्चा रंगली की सेट तिथे बसून राहतो आणि तेवढ्या वेळात सोळावर आलेली हाक निघून जाते. घरातला चोर एखाद्या चॅनेलवर गुणगुणत असेल तर स्कॅन तिथेच अडकतो.

ड्युअल वॉच लावा. म्हणजे सेट तुमच्या कामाच्या चॅनेलवर राहतो, पण मधूनमधून सोळावर डोकावतो, आणि सोळावर काही आलं की तिकडे जातो. बोटी-बोटींनी आपसात बोलायला ६, ८, ७२, ७७ हे चॅनेल आहेत. आपल्या बंदराच्या बोटींनी एक ठरवून घ्या. स्कॅन लावायचाच हट्ट असेल तर सोळाला प्रायॉरिटी लावून लावा.

सोळावर गप्पा, शिट्ट्या, रात्री दोन वाजता गाणी, हे चालतं. चीड येते. पण त्या चिडीत सोळा बंद करणारे त्याहून वाईट. आणि बोलायचं बटण दाबलं जाईल असा सेट बूड टेकायच्या जागी ठेवू नका. एकदा एका बोटीवर कुणीतरी सेटवर बसला आणि सोळा पाऊण तास त्याच्या इंजिनाच्या आवाजानं भरून गेला. तेवढ्यात कुणाला काही झालं असतं तर हाक त्या आवाजाखालीच राहिली असती. या बँडवर दोघे एकाच वेळी बोलले तर सेट जोराच्याचंच ऐकतो, कमजोर पूर्ण गायब होतो.

काय ऐकू येतं आणि वहीत काय उतरवायचं

वही ठेवा. मोबाईलच्या नोट्स नकोत, ओल्या बोटांनी लिहिता येत नाही. पेन्सिल, दोरीनं बांधलेली.

रोजचं म्हणजे जहाजं पोर्ट कंट्रोलला हाक मारतात आणि दुसऱ्या चॅनेलवर जातात. ते सोडून द्या. कान टवकारायचे तीन शब्दांवर, प्रत्येक तीन वेळा उच्चारला जातो. 'सेक्युरिते' म्हणजे हवामानाची किंवा समुद्रातल्या धोक्याची सूचना. 'पॅन पॅन' म्हणजे तातडीचं, पण अजून कुणाचा जीव बुडत नाहीये. 'मेडे' म्हणजे सगळं सोडा.

वादळाच्या दिवसांत तटरक्षक दलाची जहाजं आणि विमानं व्हीएचएफवरून बोटींना परत फिरायला सांगतात, हिंदीत नि स्थानिक भाषेतही. २०१९ च्या ऑक्टोबरात क्यार चक्रीवादळ आलं तेव्हा ज्या बोटींचे सेट उघडे होते त्यांनी जवळचं बंदर गाठलं. २००९ च्या नोव्हेंबरातल्या फयान वादळाबद्दल किनाऱ्यावरच्या कुठल्याही घरात विचारा, मी काही लिहीत नाही. एक बारकावा: हवामान खातं वाऱ्याचा वेग किलोमीटरमध्ये सांगतं, वायरलेसवर तो नॉट्समध्ये येतो. १ नॉट म्हणजे १.८५२ किलोमीटर. बातमीत '५५ किलोमीटर' आणि सेटवर 'तीस नॉट्स' हे एकच वारं आहे. '३० म्हणजे काय, चालतंय' म्हणून पुढे गेलेले तांडेल मी पाहिलेत. बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा चढला असेल तर वायरलेसची वाट पाहायची गरजच नाही.

जागा लिहून घेणं ही दुसरी अडचणीची गोष्ट. कुणी सांगतो, "सतरा पंचेचाळीस पॉइंट पन्नास नॉर्थ, बहात्तर चव्वेचाळीस ईस्ट." बहुतेक जीपीएस अंश आणि दशांश मिनिटं दाखवतात. १७ अंश ४५.५० मिनिटं, म्हणजे साडेपंचेचाळीस मिनिटं, म्हणजे ४५ मिनिटं ३० सेकंद. ते ४५ मिनिटं ५० सेकंद असं लिहिलंत तर तुम्ही सहाशे मीटरनं चुकलात. दिवसा चालून जाईल. अंधारात, लाटेत, पाण्यात फक्त डोकं वर असलेल्या माणसाला शोधताना सहाशे मीटर म्हणजे तो नाहीच. 'पॉइंट' ऐकलंत तर वहीत टिंबच काढा आणि शंका असेल तर विचारा: "पॉइंट पन्नास, की पन्नास सेकंद?" मराठीत विचारा, हिंदीत विचारा, लाजू नका. आमच्या निम्म्या बोटींवर खलाशी नेपाळचे, तांडेल दापोलीचे, आणि समोरचा गुजरातचा असतो. सोळावरची खरी भाषा मोडकी हिंदी आहे आणि ती पुरते.

मेडे कानावर आला तर

बटण दाबू नका. सर्वांत अवघड हेच, कारण हात शिवशिवतो. कोण, कुठे, काय झालं, किती माणसं, एवढं वहीत उतरवा. किती वाजले तेही लिहा. मग थांबा, किनाऱ्यावरून किंवा तटरक्षक दलाकडून उत्तर येतंय का ऐका. आलं तर तुम्ही गप्प राहून ऐकत राहायचं आणि जवळ असाल तर बोलावल्यावर सांगायचं. त्या वेळात तुमची दुसरी काही विचारपूस म्हणजे अडथळा.

उत्तर आलं नाही, तर मात्र तुमची पाळी. आणि वर उंचीचा हिशेब एवढा सांगितला तो यासाठी. पंचवीस मैल आत असलेल्या बोटीतल्या माणसानं दोन मीटरवर धरलेला सेट किनाऱ्याला ऐकू जातच नाही. पण तुम्ही दोघांच्या मधे असाल तर तुम्हाला तोही ऐकू येतो आणि किनाराही. त्याला नाव घेऊन सांगा की मेडे मिळाला. मग त्याच चॅनेलवर 'मेडे रिले' असं तीन वेळा म्हणून त्याचं नाव, जागा, अडचण, माणसं, जशी वहीत आहेत तशी वाचा. आपल्या मनाचं काही घालू नका. बोटीवर २५ वॉटचा बसवलेला सेट असेल तर त्यावरून करा, हातातला नको. मोबाईलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ किंवा किनारी पोलिसांचा १०९३ सोबत लावा, पण सोळा सोडून नाही. एकानं फोन, एकानं सेट.

आणि त्यातलं काहीही रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपवर टाकू नका. एकदा अशी एक क्लिप फिरली. आवाज फाटलेला, बोटीचं नाव अर्धं. त्या अर्ध्या नावाच्या तीन बोटी होत्या आमच्या पट्ट्यात, आणि तीन घरांत रात्रभर चूल पेटली नाही. बोट निघाली चौथीच, दुसऱ्या जिल्ह्यातली, आणि तिचं नुसतं डिझेल संपलं होतं.

परत आल्यावर

सेट गोड्या पाण्यानं धुवा, नळाची बारीक धार पुरे. बॅटरीची टोकं कोरड्या फडक्यानं पुसा. मिठाचा पांढरा थर बसला की चार्जरवर हिरवा दिवा दिसतो आणि आत काहीच भरत नाही. सेट कोरडा झाल्यावर, चार्जिंगला लावायच्या आधी, स्क्वेल्च पूर्ण उघडून अर्धा मिनिट ठेवा. खरखर स्वच्छ आली तर स्पीकरमध्ये पाणी नाही.